वेणुसाधक पंडित पन्नालाल घोष : मुलाच्या हाती बासरी केव्हा द्यावी?

भगवान श्रीकृष्णाच्या ओठी असलेली मुरली आपण घराघरांतील तसबिरींत आणि देवळांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. गोकुळअष्टमीला लहानग्याला पिवळे वस्त्र नेसवून, डोक्याला मोरपीस खोवून, हाती बासरी दिली की आईबापांना धन्य वाटते. अष्टमी सरते आणि ती बासरी कोनाड्यात पडून राहते. काही मुले मात्र ती पुन्हा पुन्हा काढतात, फुंकून पाहतात, आणि सूर उमटत नाही म्हणून रडकुंडीला येतात. अशा मुलाला शिकायला बसवावे, की आणखी दोन वर्षे थांबावे? असा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. त्याचे उत्तर ज्यांच्या जीवनात सापडते असे एक थोर कलावंत आपल्या देशात होऊन गेले. त्यांचे नाव पंडित पन्नालाल घोष. बासरी देवाच्या ओठी होती, गुराख्याच्या हाती होती, पण रागसंगीताच्या मैफलीत तिला मानाचे आसन नव्हते. ते आसन पन्नालालजींनी मिळवून दिले.

पन्नालालजींचा जन्म २४ जुलै १९११ रोजी त्या वेळच्या बंगाल प्रांतात, बारिसाल येथे झाला. हा मुलूख आज बांगलादेशात आहे. आपल्या वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, म्हणजे दोघे अगदी एका पिढीचे. एकाने खंजिरीच्या साथीने खेडोपाडी लोक जागे केले, दुसऱ्याने बांबूच्या नळीतून देशाला शास्त्रीय संगीत ऐकविले. पन्नालालजींचे मूळ नाव अमलज्योती. घरात लाडाने पडलेले पन्नालाल हेच नाव पुढे जगात झाले. वडील अक्षयकुमार हे सतार वाजवीत. आई सुकुमारी यांचा गळा गोड होता. धाकटे बंधू निखिल घोष पुढे नामांकित तबलावादक झाले आणि त्यांनी मुंबईत संगीत महाभारती ही संस्था १९५६ साली स्थापन केली. घरच असे सुरांचे असल्यामुळे मुलांच्या कानावर पहाटेपासून चांगले संगीत पडत असे.

पन्नालालजींच्या शिक्षणाचा आरंभ बासरीने झाला नाही, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचे पहिले गुरू वडीलच, आणि पहिले वाद्य सतार. बासरी हाती आली ती खेळण्यासारखी. गुराखी पोरे वाजवीत तशी लहानशी बासरी घेऊन, वडिलांच्या सतारीवर जे ऐकावे ते तीवर काढून पाहावे, असा त्यांचा नाद होता. त्यासाठी त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. कान आधी तयार झाला, मग बोटे त्या कानाच्या मागे गेली. चाल मनात पक्की बसलेली असली म्हणजे बोट कोठे चुकले हे मुलाला स्वतःलाच कळते. चालच मनात नसेल तर मास्तराने शंभर वेळा सांगूनही ते कळत नाही.

बारिसालचा प्रदेश नद्यांचा. वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या काठी राहणाऱ्यांना तो जीवनक्रम वेगळा वाटणार नाही. पोहणे, नाव वल्हविणे यांतच मुलांचा दिवस जाई. पन्नालालजींच्या आयुष्यातील एक हकीकत त्यांच्या शिष्यपरिवारात मोठ्या भक्तिभावाने सांगितली जाते. नऊ वर्षांचे असताना नदीत पोहताना त्यांना पाण्यावर तरंगत आलेली एक काठी सापडली. हाती घेऊन पाहतात तो ती अर्धी काठी आणि अर्धी बासरी. पुढे दोन वर्षांनी एका साधूची गाठ पडली आणि संगीतातच तुझे कल्याण आहे, असा आशीर्वाद त्याने दिला. श्रद्धावंतांना या कथेत ईश्वरी संकेत दिसतो. साध्या माणसाने तिच्यातून एवढे तरी घ्यावे की, वाहत आलेली काठी पुष्कळांनी पाहिली असती आणि चुलीत घातली असती. जिला बासरी म्हणून ओळखणारा मुलगा आधीच तयार झाला होता, त्याच्याच हाती ती लागली.

तरुण वयात पन्नालालजी तालमीत जाऊ लागले. लाठी, व्यायाम आणि मुष्टियुद्ध यांत ते तरबेज झाले. ते दिवस स्वातंत्र्याच्या चळवळीचे होते. बंगालमधील तालमी म्हणजे देशभक्तांची ठिकाणे, आणि सरकारची त्यांच्यावर करडी नजर. अशा परिस्थितीत ते गाव सोडून कलकत्त्यास आले. मुष्टियुद्ध आणि बासरी यांचा काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु बासरीत तार नाही, कातडे नाही, भाता नाही. वाजविणाऱ्याची छाती हाच तिचा भाता. जो दम तालमीत कमावला तोच पुढे दीर्घ आलापीत उपयोगी पडला. शरीर कमावण्यात गेलेली वर्षे वाया गेली नव्हती.

कलकत्त्यास चरितार्थासाठी त्यांनी चित्रपटांच्या संगीताचे काम धरले. न्यू थिएटर्स या प्रसिद्ध संस्थेत संगीतकार रायचंद बोराल यांच्या हाताखाली ते काम करीत. तेथे नाना प्रकारची वाद्ये आणि उत्तमोत्तम गवई जवळून ऐकायला मिळाले, आणि एक खंत मनाला लागली. गवई विलंबित ख्याल गातो, मंद्र सप्तकात खोल उतरतो, मींड घेतो. बासरीत मात्र तेव्हा चटपटीत धुना तेवढ्या वाजत. लहान बासरीचा आवाज बारीक, तिला खोली नाही. रागाचे गांभीर्य तिच्यात उतरणार कसे?

पन्नालालजींनी उत्तर शोधण्यास आरंभ केला. निरनिराळ्या लाकडांच्या आणि धातूंच्या नळ्या त्यांनी करून पाहिल्या. शेवटी बांबूसारखा गोड आवाज दुसऱ्या कशातूनच निघत नाही, अशी त्यांची खात्री झाली. मग त्यांनी बांबूचीच, पण सुमारे ३२ इंच लांबीची बासरी सिद्ध केली. नेहमीच्या सहा छिद्रांखेरीज सातवे छिद्र त्यांनी पाडले, ते करंगळीने झाकावयाचे. त्यामुळे मंद्रातला तीव्र मध्यम बासरीत स्वच्छ येऊ लागला आणि यमनासारख्या रागांना बासरीत मोकळी वाट मिळाली. याहूनही लांब, खर्जाची बासरी ते वाजवीत. आज देशात आणि परदेशांत मैफलीत जी मोठी बासरी दिसते, तिचा मार्ग पन्नालालजींनी घालून दिलेला आहे.

या बांबूविषयी आपल्या भागातील वाचकांना विशेष कुतूहल वाटेल. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची जंगले बांबूसाठी प्रसिद्ध आहेत. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने इथला बांबू वर्षानुवर्षे नेला. आपले बुरूड बांधव त्याच बांबूपासून सुपे, टोपल्या आणि तट्टे विणतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २०११ साली आपल्या बांबूवरचा हक्क ग्रामसभेच्या हाती मिळविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. असे असूनही आपल्या जंगलातील नेहमीचा मानवेल बांबू मोठ्या बासरीला चालत नाही. तो बहुधा भरीव किंवा जाड भिंतीचा असतो आणि त्याची पेरे आखूड असतात. मोठ्या बासरीला पातळ भिंतीचा, लांब पेराचा, आतून सरळ पोकळ बांबू लागतो, आणि तो मुख्यतः आसामकडून येतो. शिवाय आपला उन्हाळा कडक. मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात तेल न लावलेली बासरी उभी तडकते. म्हणून जाणकार वादक तिला दोऱ्याचे घट्ट बंध देतात आणि वेळोवेळी तेलाचा हात फिरवितात.

मोठी बासरी हाती आली, नावही होऊ लागले. अशा वेळी साधारण माणूस आपण आता शिकलो असे समजतो. पन्नालालजींनी १९३६ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, हार्मोनियमचे गाढे जाणकार उस्ताद खुशी महंमद खाँ यांचे शिष्यत्व पत्करले आणि रागविद्येचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांच्या पश्चात गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडे ते शिकले. १९३८ साली सराईकेला येथील छाऊ नृत्यपथकाबरोबर त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि तेथील रसिकांना भारतीय बासरी ऐकविली.

१९४० साली ते मुंबईस आले. तेथील सोळा वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा ऐन बहराचा काळ. त्यांच्या पत्नी पारुल घोष या संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी, आणि त्या काळच्या प्रसिद्ध पार्श्वगायिका. पन्नालालजींनी स्वतः चित्रपटांना संगीत दिले. ‘बसंत बहार’ या १९५६ च्या चित्रपटातील लताबाईंच्या गाण्यामागची त्यांची बासरी रसिक अजून विसरलेले नाहीत. चित्रपटसृष्टीत पैसा आणि कीर्ती दोन्ही होती. परंतु त्यांचे मन रागसंगीतात गुंतलेले होते.

१९४७ साली त्यांनी मैहरचे थोर गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व स्वीकारले आणि मैहरला जाऊन ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस होते आणि देशभर त्यांचे नाव झालेले होते. नऊ वर्षांच्या मुलाच्या कुतूहलाने सुरू झालेले शिक्षण छत्तिसाव्या वर्षीही संपले नव्हते. शिकण्याला उशीर झाला असे म्हणून ज्यांनी हात धुऊन घेतले आहेत, त्यांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

पन्नालालजींनी नूपुरध्वनी, चंद्रमौळी, दीपावली असे काही नवे राग रचले. १९५६ साली ते दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून गेले. तेथेही वादन, रचना आणि अध्यापन अखंड चालू होते. २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराने दिल्लीतच त्यांचे देहावसान झाले. पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. वाद्याला मैफलीत उभे करण्यास त्यांना एक जन्म पुरला, पण त्याची फळे पाहण्यास आयुष्य उरले नाही.

तरीही ती विद्या बुडाली नाही, कारण हयातीतच त्यांनी ती मुक्तहस्ताने वाटली होती. त्यांचे जामात पंडित देवेंद्र मुर्डेश्वर, तसेच व्ही. जी. कर्नाड आणि रघुनाथ सेठ यांसारख्या शिष्यांनी ती पुढे नेली. मुर्डेश्वरांकडे शिकलेल्या केशव गिंडे यांच्यामुळे ती पुण्याच्या मराठी घरांपर्यंत पोचली. एखाद्या जाणत्या वादकाने आपली विद्या आपल्याबरोबर नेली तर गावाचे किती नुकसान होते, हे जुने सनईवाले हरपलेल्या गावांना सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मूल फुंकवाद्य शिकण्यास केव्हा योग्य होते? थोर वादकांची चरित्रे पाहिली तर एकच एक वय सापडत नाही. भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ हे सुमारे सहाव्या वर्षी काशीस मामांकडे आले आणि गंगेकाठच्या बालाजीच्या देवळात त्यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. चिमूरच्या श्रीहरी बालाजीचे दर्शन घेणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून विशेष आनंद होईल. दक्षिणेतील बासरीवादक टी. आर. महालिंगम यांची पहिली मैफल सातव्या वर्षी झाली. उलट, पंडित हरिप्रसाद चौरसिया हे पैलवानाचे चिरंजीव. त्यांनी पंधराव्या वर्षी गायनाने आरंभ केला आणि त्यानंतर बासरी धरली. सहा वर्षांचाही मोठा झाला आणि पंधरा वर्षांचाही मोठा झाला. तेव्हा वयाच्या आकड्यापेक्षा मुलाकडे पाहणे हेच शहाणपणाचे.

पाहावयाचे ते काय, हे पन्नालालजींच्या बालपणावरून सहज ध्यानात येते. पहिला कान. ऐकलेली आरती किंवा भजनाची चाल मूल गुणगुणू शकते का, सूर चुकला तर त्याला खटकते का? दुसरी बोटे. बोटांच्या पेरांनी छिद्रे पूर्ण झाकली जातात का? जराशी फट राहिली तरी सूर फाटतो आणि मुलाला वाटते आपल्यालाच येत नाही. म्हणून लहान हातांना सुमारे फूट-सव्वा फुटाची बारीक बासरीच द्यावी. ३२ इंची बासरी लहान मुलाच्या हाती देणे म्हणजे वासराच्या मानेवर जू ठेवण्यासारखे आहे. तिसरा दम. पहिल्या दिवसांत जोराने फुंकून मुलाला घेरी येते. ते भिण्यासारखे नाही, परंतु तेव्हा बासरी बाजूला ठेवून त्याला स्वस्थ बसवावे. छातीचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जावे. चौथे दात. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात, तेव्हा ओठांची ठेवण बदलते आणि मुलाला काही महिने अवघड जाते. नवे दात येईपर्यंत धीर धरला तर काही बिघडत नाही. सनईला तर बासरीहून अधिक जोर आणि ओठांची अधिक पकड लागते, म्हणून तिची घाई मुळीच करू नये. पाचवी बैठक. पंधरा मिनिटे एका जागी मन लावून बसता आले पाहिजे. पुष्कळ देशांत मुलांना सातव्या-आठव्या वर्षी साधी लहान बासरी देतात आणि मोठी फुंकवाद्ये नवव्या ते अकराव्या वर्षाच्या सुमारास. आपल्याकडच्या अनुभवी शिक्षकांचे धोरणही फारसे निराळे नाही.

सहावी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मुलाची स्वतःची ओढ. शेजारच्या मुलाला बक्षीस मिळाले म्हणून किंवा व्यासपीठावर शोभा दिसावी म्हणून आपल्या मुलाला बासरी देऊ नये. दम येण्याआधी आणि ओढ लागण्याआधी ज्याला बसविले, ते मूल दोन महिन्यांत कंटाळते, आणि मग मोठेपणीही त्या वाद्याकडे फिरून पाहत नाही. ओढ असूनही ज्याला फार लहान आहेस किंवा आता मोठा झालास म्हणून परतविले, त्याचेही तेवढेच नुकसान होते. मुली-मुलगे हा भेद तर येथे मुळीच नसावा. सूर कोणाचे घर विचारून येत नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मुलाची बासरी स्वतंत्र असावी. एकाच्या ओठाची बासरी दुसऱ्याने तोंडाला लावू नये, कारण काही आजार अशा मार्गाने घरात येऊ शकतात. लहान बासरी फार महाग नसते. देवळासाठी देणग्या देणाऱ्या दात्यांपैकी एखाद्याने मनावर घेतले तर गावातील चार-दोन होतकरू मुलांच्या हाती ती सहज पडू शकते.

देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा खचलेला पाया भरला जातो, गळके छप्पर बदलते आणि कळसाला नवे तेज येते. गावकऱ्यांनी श्रमदान करून आणि दात्यांनी सढळ हाताने देऊन हे पुण्यकार्य घडवून आणले आहे. परंतु सभामंडप बांधला जातो तो रिकामा राहण्यासाठी नव्हे. सेवा मंडळांच्या भजनांनी आपल्या भागातील गावांचे कान पूर्वीच तयार करून ठेवले आहेत. गोटुलाच्या अंगणात गोंड-माडिया बांधवांच्या मुलांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे ढोल आणि गाणी अशीच ऐकत ऐकत उचलली. संध्याकाळच्या आरतीनंतर अर्धा तास मंडपाच्या एका कोपऱ्यात जाणत्याने वाजवावे आणि मुलांनी नुसते ऐकावे, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ झाले. कोणत्या मुलाची बोटे नकळत हलू लागतात हे तेव्हा आपोआप दिसेल. त्याच दिवशी त्याच्या हाती बासरी द्यावी.

बारिसालच्या नदीकाठी वाहत आलेली काठी एका मुलाने ओळखली आणि गुराख्याच्या वाद्याचे भाग्य उजळले. तसा ओळखणारा डोळा आपल्या मुलांना लाभो आणि मुलांची ओढ ओळखणारा डोळा वडीलधाऱ्यांना लाभो. नव्या मंडपात देवापुढे वेणूचा नाद अखंड घुमत राहो, हीच भगवंताच्या चरणी प्रार्थना.